पास्टर दोन पावलं मागे का सरकला

मेलेला माणूस उठला आणि उठल्याउठल्या त्याने केव्ह स्टॉटचं नाक फोडलं.

कॉर्बी फ्लॅटमधल्या जुन्या टायरच्या दुकानात त्या रविवारी दुपारी तीनशे माणसं कोंबली होती. जिथे पूर्वी गाड्या वर उचलायचे, तिथे आता लाकडी व्यासपीठ होतं. त्यावर एक ट्रकचालक उताणा पडला होता, ओठ शाईत बुडवल्यासारखे निळे. पास्टर लाइल व्हेनरने तेलात भिजवलेला पांढरा रुमाल त्याच्या तोंडावर पसरला, त्याखाली तळवा सरकवून दाबला आणि सुरुवात केली.

"नीघ बाहेर. कोण आहेस तू? नाव सांग. सांगत नाहीस? लाजतोस? अरे, नरकात राहणाऱ्याला लाज कसली? माझ्या बापाच्या घरात भाडं न देता राहतोस, आणि वर सगळे दिवे चालू ठेवतोस?"

लोक हसत होते, रडत होते. हे तीनेक मिनिटं चाललं. मग लाइलने रुमालाची घडी करून खिशात घातली आणि तो दोन पावलं मागे सरकला, ट्रकचालकाच्या डोक्याकडे. त्यानंतर त्या माणसाने घशातून खर्र असा श्वास ओढला, ताडकन उठला आणि दोन्ही मुठी फिरवल्या. पायाशी उभा असलेला केव्ह आडवा झाला. एक खुर्ची उडाली आणि पहिल्या रांगेतल्या बाईचा गाल फाटला. मग तो गुडघ्यांवर बसून भडाभडा ओकला.

"पाहिलंत?" लाइल म्हणाला. "सैतान लाथा झाडतच जातो. कुठला भाडेकरू सुखासुखी खोली सोडतो?"

माझी शेजारीण नॉरीन क्लूव्हर मला ओढून घेऊन आली होती. तिने माझं कोपर दाबलं. "आता बोल, ग्लेनिस. अजून थोतांडच म्हणशील?"

"केव्हच्या नाकाला बर्फ लावा म्हणेन."

"तुझं आपलं नेहमीचंच."

व्यासपीठावरून लाइल सांगत होता, "तीन शून्यांचा नंबर फिरवा. अँब्युलन्स येईल पन्नास मिनिटांनी. माझा देव येतो पन्नास सेकंदांत." सगळे हसले, कारण अँब्युलन्सबद्दलचं खरं होतं. त्या हिवाळ्यात हॉस्पिटलच्या दाराशी अँब्युलन्स रुग्णांसकट तासन् तास रांगेत उभ्या असायच्या. मला ते ऐकून लाज वाटली. पण माझं लक्ष त्या दोन पावलांवर होतं. ठोसा यायच्या आधी, तो कुठून येणार हे या माणसाला माहीत होतं. आणि त्याच्या देवाला तीन मिनिटं का लागली, हेही मला कळत होतं.

मी या खोऱ्यात पंचवीस वर्षं अँब्युलन्स चालवली. अठ्ठ्याऐंशी साली लागले तेव्हा आमच्या ठाण्यावर मी एकटी बाई. वीज केंद्राच्या चिमण्या तेव्हा रात्रंदिवस धूर ओकत असायच्या, गावात हाताला काम होतं, आणि आमच्या ठाण्यावरची चहाची किटली कधी थंड व्हायची नाही. गाडीवरचा माझा जोडीदार क्लाइव्ह रॅट्रे त्या किटलीशेजारी बसून वर्तमानपत्रातली कोडी सोडवायचा आणि शब्द अडला की माझ्यावर चिडायचा. वीज केंद्र पुढे बंद झालं. त्याच्या आधीच, नव्वदच्या दशकात, गावात पांढरी पावडर आली.

पहिली केस सिनेमागृहामागच्या संडासात. एक पोरगा निळा पडलेला. मी औषधाचं इंजेक्शन दिलं आणि तो डोळे उघडतोय या आनंदात त्याच्या तोंडावर वाकून नाव विचारलं. त्याचं कपाळ माझ्या तोंडावर आदळलं. समोरचे दोन दात क्लाइव्हने फरशीवरून उचलले आणि कापसात गुंडाळून माझ्या हातात दिले.

"नीट ऐक, ग्लेन," तो म्हणाला. "ही अफूच्या जातीची विषं माणसाचा श्वास थांबवतात. आपलं औषध त्या विषाला मेंदूतून धक्के मारून बाहेर काढतं. एवढ्या सुखातून माणूस एकदम थंडी, ओकारी आणि भीतीत येऊन पडतो. समोर दिसेल त्याला झोडतो. म्हणून आधी तोंडावर रबरी फुगा धरून, तो दाबून श्वास द्यायचा, औषध थोडं थोडं द्यायचं, आणि दिल्यावर दोन पावलं त्याच्या डोक्याकडे सरकायचं. हात तिकडे वळत नाहीत."

"हे आधी सांगायचं होतंस."

"आधी सांगितलेलं कोण लक्षात ठेवतं? आता दुसरं ऐक, ते जास्त महत्त्वाचं. औषध लवकर संपतं, विष संपत नाही. तासाभरात तो पुन्हा बुडू शकतो. शिव्या देईल, थुंकेल, चालते व्हा म्हणेल. आपण हॉस्पिटलमध्ये न्यायचं, नाही आला तर शेजारी बसून राहायचं."

मी बसले. इतक्या जणांच्या इतक्या शिव्या खाल्ल्या की आता म्हातारपणी घर शांत असलं की कधीकधी त्यांचीही आठवण येते.

क्लाइव्हची दुसरी शिकवण मला जास्त छळत होती, ती केव्हमुळे. केव्हचा मुलगा जॅरड, बावीस वर्षांचा, मे महिन्यात याच दुकानात असाच उठला होता. पाच वाजता घरी नेला, आठच्या आत मेला. अंत्यविधीला लाइल म्हणाला, "घरात कुणाच्या तरी मनात शंका होती. मग शास्त्रात लिहिलंय तसंच झालं, हाकललेला सैतान सात साथीदार घेऊन परतला." केव्ह तेव्हा स्वतःच्या बुटांकडे बघत होता. तेव्हापासून तो दर रविवारी लाइलच्या दाराशी पहाऱ्याला उभा राहायचा.

सोमवारी मी ग्रंथालयात जाऊन अँब्युलन्सवाल्यांची सरकारी नोंदवही उघडली. ती कुणालाही बघता येते. लाइल व्हेनर: सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या राज्यात नोंदणी रद्द. गाडीतली वेदनाशामकं चोरायचा आणि अपघातातल्या रुग्णांना त्याजागी मिठाचं पाणी टोचायचा. माणसं वेदनेने ओरडत राहायची आणि हा त्यांना धीर धरा म्हणायचा.

तिथून औषधाच्या दुकानात गेले. मी मागताच काउंटरवरच्या मुलीने काही न विचारता एक डबी पुढे केली. तेच आमचं औषध, आता नाकात मारायच्या फवाऱ्यात. फुकट. स्वतःचं नाव सांगायलाही लागलं नाही. घरी आरशासमोर मी ते तळव्यात धरलं, वर रुमाल पसरला. दुसऱ्याच प्रयत्नात मी पास्टर झाले. औषधाला चढायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढा वेळ सैतानाशी गप्पा मारायच्या.

नॉरीनला हे सगळं सांगितलं.

"तो पापी होता, हे तो स्वतःच सांगतो," ती म्हणाली.

"कुठलं पाप ते सांगतो?"

"तुझे दात पडले, ग्लेनिस, म्हणून तुला जिकडेतिकडे सुया दिसतात." तिची मुलगी टेगन, सव्वीस वर्षांची, नऊ महिने व्यसनापासून दूर होती. नॉरीनच्या मते ही लाइलचीच कृपा. "माझी पोर जिवंत आहे. तू येऊन तेवढंही काढून घेणार?" तिने दार लावून घेतलं.

पुढच्या रविवारी मी डबी पिशवीत टाकून गेले. सव्वातीनच्या सुमारास नॉरीन आणि तिचा भाऊ टेगनला खांद्या-पायांना धरून आत घेऊन आले. न्हाणीघरात सापडली होती. हॉस्पिटल त्यांच्या वाटेवरच होतं. नॉरीनने गाडी त्याच्या फाटकावरून पुढे काढली होती.

रुमाल, तळवा, भाडं, दिवे. मी मागे भिंतीशी जाऊन तीन शून्यांचा नंबर फिरवला. लाइल दोन पावलं सरकला. टेगन किंचाळत उठली, आईच्या हाताला चावली आणि सोडेना. रक्त कोपरापर्यंत ओघळलं. नॉरीन रडत हसत होती, "चाव, बाळा, चाव."

"घरी ने," लाइल म्हणाला. "पडदे ओढ. झोपू दे. ही मुक्तीची झोप."

मी वाटेत उभी राहिले. "नॉरीन, तासभर इथेच बसव तिला. मला खोटं पाडायचंय ना? पाड सगळ्यांसमोर. पास्टर, तुम्हीही बसा. देवाला कसली घाई आहे?"

"केव्ह," लाइल हसून म्हणाला, "आजीबाईंना जरा मोकळी हवा दे."

केव्हने मला दंडाला धरून ओढलं. मी टेगनचा कोट सोडला नाही, म्हणून त्याने मला भिरकावलं. सिमेंटवर उजवा हात टेकला आणि मनगट मोडल्याचा आवाज मला नीट ऐकू आला. टेगन माझ्याबरोबरच खाली आली आणि भिंतीला टेकून शिव्या देत बसून राहिली. लोकांनी तिच्याभोवती कोंडाळं करून गाणी सुरू केली. घरी न्यायचं तेवढ्यात राहिलं. माझ्या मनगटाचं तेवढं चीज झालं.

अर्ध्या तासाने अँब्युलन्स आली.

"आले बघा पन्नास मिनिटांचे देव," लाइल म्हणाला. "शटर ओढ, केव्ह."

बाहेरच्या पोरांनी अँब्युलन्स गदागदा हलवायला सुरुवात केली. कुणीतरी चाकं खोलायचा लोखंडी पाना समोरच्या काचेत घातला. कर्स्टन नावाची तरुण अँब्युलन्सवाली बॅग घेऊन उतरली, तिच्या भुवईवर बाटली फुटली. शटर खाली येताना मला तेवढं दिसलं.

मी सरपटत टेगनपाशी गेले. शिव्या थांबल्या होत्या. मान छातीवर पडली होती.

"दमली बिचारी," नॉरीन म्हणाली.

मी तिचे श्वास मोठ्याने मोजायला लागले. एका मिनिटात सहा. पुढच्या मिनिटात चार. माझी मोजणी ऐकून पुढच्या रांगेतलं गाणं बंद पडलं, मग मागचंही. ओठ निळे व्हायला लागले तसा नॉरीनने आवाज दिला, "पास्टर, लवकर या."

लाइल आला. रुमाल, तळवा. "नीघ बाहेर." काही नाही. त्याचा दुसरा हात कोटाचे खिसे चाचपत होता.

"पहिलं संपलं," मी म्हणाले. "दुसरं कुठे आहे?"

"गाडीत," तो म्हणाला.

जोडीदाराने विचारलं की आम्ही जसं सांगतो, तसं त्याने सांगितलं. मग त्याचा चेहरा पांढरा पडला. शटरपाशी उभ्या केव्हने मान वळवली. "गाडीत काय आहे?"

लाइल पुन्हा कोटाचे खिसे चाचपायला लागला.

"माझ्या पिशवीत आहे ते," मी म्हणाले. "नॉरीन, काढ. पांढरी डबी. माझा हात चालत नाही आणि मला हिला श्वास द्यायचाय."

"मी? मला नाही येत."

"टोक नाकात पूर्ण घाल. अंगठ्याने दाब. झालं. काहीही म्हणायचं नाही."

श्वास देताना चिमटीत धरलेलं टेगनचं नाक मी सोडलं. नॉरीनच्या रक्ताळलेल्या अंगठ्याने टिक्‌ आवाज केला. मग मी पुन्हा नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास देत राहिले. दोन मिनिटांहून जास्त गेली.

टेगनने श्वास ओढला. तिचं कोपर आईच्या डोळ्यावर बसलं.

"हे कुणी केलं, नॉरीन?" मी विचारलं.

ती डोळा धरून आपल्या अंगठ्याकडे बघत होती.

केव्हने शटर वर उचललं. कर्स्टन आत आली, अर्धा चेहरा रक्ताने माखलेला. कुणाकडेही न बघता ती टेगनपाशी बसली. "मी कर्स्टन. तुला हॉस्पिटलमध्ये नेतेय, चालेल ना? शिव्या दिल्यास तरी चालतील."

केव्ह माझ्यासमोर उकिडवा बसला. "ग्लेनिस, जॅरडला आम्ही पाच वाजता घरी आणलं. पडदे ओढले. आवाज नको म्हणून दार लावून घेतलं. शेजारी कुणी बसलं असतं तर?"

नोकरीत असताना मी घरच्यांशी पुष्कळदा खोटं बोलले आहे. त्यांना झोप लागावी म्हणून. या वेळी जमलं नाही.

"बसून अँब्युलन्स बोलावली असती, तर बहुतेक वाचला असता."

त्याने बाहेर जाऊन अँब्युलन्सच्या फुटलेल्या काचेतला पाना उपसला. लाइल आपल्या गाडीकडे पळाला, पण दार उघडेपर्यंत पहिल्या फटक्यात त्याचा जबडा गेला, दुसऱ्यात खांदा. मग बाकीचे धावले. घटकेपूर्वी गात होती तीच माणसं आता त्याला बुटांनी तुडवत होती. लाइलचं डोकं फूटपाथच्या कडेवर आपटत होतं. टेगनला आपल्या गाडीवरच्या जोडीदाराच्या हवाली करून कर्स्टन त्याच्या अंगावर आडवी पडली.

"हा आता माझा रुग्ण आहे. मागे व्हा."

तिच्या बरगड्यांत लाथ बसली. ती हलली नाही. शेवटी नॉरीन, एक डोळा मिटलेली, हात रक्ताने भरलेला, मधे जाऊन उभी राहिली तेव्हा ते थांबले. कर्स्टनने लाइलची मान दोन्ही हातांनी सरळ धरली. "नाव काय तुमचं? कुठे दुखतंय? हलू नका, मी आहे." वेदनाशामक टोचताना तिने किती दिलं ते जोडीदाराला मोठ्याने सांगितलं. कुपीत मिठाचं पाणी नव्हतं.

लाइल तुरुंगात आहे. केव्हही तुरुंगात आहे, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटतं. टेगन जिवंत आहे, अधूनमधून घसरते आणि पुन्हा उठते.

देव मानू नका असं मी कुणाला सांगत नाही. तो ज्याचा त्याने ठरवावा. लाइलने औषध दिलं, हे त्याने केलेलं एकमेव बरं काम. पण त्याने त्या औषधाचं नाव लपवलं, आणि पुढच्या तासाभरातला धोका लपवला. तसं केलं नसतं तर त्याला कुणी पास्टर म्हटलं नसतं, आणि जॅरड आज पंचविशीत असता. ते औषध दुकानात फुकट मिळतं. घरात ठेवा. द्या, लगेच अँब्युलन्स बोलवा, आणि ती येईपर्यंत शेजारी जागे बसा. उशीर होतो म्हणून चिडा, सरकारला जाब विचारा, पण गाडी आली की वाट द्या. आणि कुणी तुमच्या माणसावर हात ठेवून चमत्कार करायला लागला, तर त्याला दोनच गोष्टी विचारा: तुझ्या हातात काय आहे, आणि तासाभराने काय होईल? ज्याला खरंच बरं करायचं असतं, तो हे न विचारता सांगतो. जो सांगत नाही, त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नका.