निवडून काढलेले दाणे

सकाळी सात वाजता तिने चमचा नवऱ्याच्या ओठांना लावला आणि त्याने तोंड मिटून घेतलं.

कॉफी हनुवटीवरून गळ्याशी बांधलेल्या टॉवेलवर उतरली. हळूहळू उतरली, कारण तिच्यात दाट करायची पावडर होती. झटका आल्यापासून त्याला पातळ काही चालत नव्हतं. श्वासनलिकेत जाण्याची भीती. पाणीसुद्धा मधासारखं घट्ट करून चमच्याने द्यायचं.

"नको," तो म्हणाला.

त्याच्याजवळ एवढाच शब्द राहिला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली, भाषेतले झाडून सगळे शब्द गेले आणि मागे उरला तो हा. तिला त्याचं नवल वाटलं नव्हतं. "जन्मभर जो वापरला तोच टिकला," असं तिने शेजारणीला सांगितलं, तेव्हा हसावं की नाही हे शेजारणीला कळलं नाही.

"नको तर नको," ती टॉवेलने हनुवटी पुसत म्हणाली. "अकराला ती गिळायला शिकवणारी बाई येतेय. तिच्यापुढेही म्हणा नको. मग गुरुवारी घालतील नाकातून नळी. नळीला चव नसते. तुमच्यासारख्याला बरंच ते."

त्याने डोळे छताकडे वळवले.

हॉस्पिटलात तो खात होता. तिथल्या आयाबाया भरवायच्या आणि तो गिळायचा. घरी आणल्यापासून मात्र दिवसाकाठी वाटीभरही पोटात जात नव्हतं. गुंगीत असला की चार चमचे जायचे. जाग आली, समोर ती दिसली की तोंड बंद. डॉक्टरांनी निरोप धाडला होता की तोंडाने घेत नसतील तर नळीशिवाय इलाज नाही, आणि नळी एकदा गेली की या वयात ती सहसा निघत नाही.

पहिल्या दिवशी तिने दुकानातून चांगली कॉफी आणली होती. नको. दुसऱ्या दिवशीही नको. तिसऱ्या दिवशी तिने बाल्कनीतला डबा काढला.

त्या डब्यात खराब दाणे होते. ती कॉफीच्या कारखान्यात निवडखात्यात होती. समोरून पट्ट्यावर दाणे सरकत जायचे आणि दोन्ही बाजूंना बसलेल्या बायकांनी त्यातले काळे, आंबलेले, किडीने पोखरलेले दाणे वेचून काढायचे. एक आंबलेला दाणा कपभर कॉफीची वाट लावतो, हे तिथे पहिल्याच दिवशी सांगत. असे दाणे कुंड्यांना खत म्हणून घरी न्यायची मुभा होती. निवृत्त होताना तिने डबाभर आणले होते. तेच तिने तव्यावर करपवले, दळले आणि उकळले. तसंही पीत नाही, तर निदान नको म्हणायला कारण तरी असू दे.

आणि कारण त्याला पहिल्या थेंबात कळणार, याची तिला खात्री होती. कारखान्यात त्याला 'जीभ' म्हणत. तो भट्टीवर मुख्य होता. दाणा तडकल्याचा आवाज ऐकून भट्टी कधी उतरवायची ते ठरवायचा. घड्याळाकडे बघायचा नाही. त्याची आवड ठरलेली होती: टेकडीवरच्या बागेतला एकदाणा, म्हणजे फळात दोनऐवजी एकच धरलेला गोल दाणा, मध्यम भाजणी, कागदातून गाळलेली, दूध नाही, साखर नाही, आणि तीही जरा निवल्यावर. गरम कॉफी खोटं बोलते, असं त्याचं म्हणणं. ती घरी दुधात कॉफी उकळायची, तिच्या आईसारखी. "दुधात काय, चामडंही लपतं," तो म्हणायचा.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्याने भट्टीवरची माणसं घरी बोलावली होती. तिने ट्रे आणला. त्याने कप न उचलता चमचा मागितला. कारखान्यात चव बघताना करत तसा चमच्यातली कॉफी आवाज करून ओढली, गालांत फिरवली, आणि तिने फुलं ठेवलेल्या वाडग्यात थुंकली. "ओला पुठ्ठा," त्याने निकाल दिला. "पावसात राहिलेला." माणसं पोट धरून हसली. सोमवारी ती निवडखात्यात गेली तर पट्ट्यापलीकडून कुणीतरी म्हणालं, "पुठ्ठ्या, सरक जरा." निवृत्तीच्या समारंभातही व्यवस्थापकाने तिचा उल्लेख त्याच नावाने केला. प्रेमाने केला, असं सगळे म्हणाले.

त्या दिवसापासून तिने केलेला कप त्याने पूर्ण प्यायल्याचं तिने पाहिलं नव्हतं. एक घोट, आणि उरलेला मोरीत. भांडण नाही, आदळआपट नाही. तो ओतून टाकायचा आणि कप विसळूनही ठेवायचा.

दहाच्या सुमारास मुलगी आली. दुसऱ्या गावी नोकरी करायची. बाबा घरी आल्यापासून तिची ही पहिलीच खेप. सोबत भट्टीवरचा सध्याचा मुख्य होता. उमेदवारीत त्याने एक आख्खा घाणा जाळला होता, तेव्हापासून तो 'कोळसा'. त्याने हातातलं पाकीट नाकाला लावून दाखवलं.

"उस्ताद, तुमचा एकदाणा. परवाच भाजलाय. दोन दिवस बसू दिलाय, तुम्ही म्हणायचात तसा. आज प्यायचं बरं का, सोंगं नाही करायची."

त्याचा डावा डोळा पाकिटावर खिळला. मग कोळशावर.

"बघा वहिनी, ओळखलं. कसे आहेत?"

"कसे असणार? राजे आहेत. पडून नको म्हणतात."

"आई," मुलगी म्हणाली.

"का, खोटं आहे? विचार त्यांना काहीही. म्हण, बाबा, आई वाईट का हो?"

"नको," तो म्हणाला, आणि कोळशाला हसू आवरेना.

"वहिनी, आज मी करतो कॉफी. तुम्ही बसा."

"बसते की. माझ्या हातची तशीही मोरीतच जाते."

कोळसा स्वयंपाकघरात गेला. त्याने दळलं, कागद भिजवला, पाण्याची बारीक धार गोल फिरवली. घरभर वास सुटला. ती दाराच्या चौकटीला टेकून बघत राहिली. वास चांगला होता, हे नाकारण्यात अर्थ नव्हता. ज्या घरात तिची कॉफी इतकी वर्षं ओतली गेली, त्याच ओट्यावर हा सांडशीच्या जागी चमचा शोधत होता आणि शीळ घालत होता.

"पावडर मी मिसळते," ती म्हणाली. "तिचं माप तुम्हाला नाही जमायचं. जास्त झाली तर दगड होतो, कमी झाली तर ठसका. तुम्ही जा, उशी उंच करा त्यांची."

तो गेला. तिने त्याची कॉफी दुसऱ्या भांड्यात ओतून झाकून ठेवली. सकाळची खराब दाण्यांची कॉफी गॅसवर होती, ती कोमट करून कपात घेतली आणि पावडर घातली. घरभर एकदाण्याचा वास कोंदला होता, त्यात कपातला वास वेगळा कळणार नव्हता. तिला फार काही नको होतं. या घरात एकदा तरी दुसऱ्या कुणाच्या कॉफीला नको ऐकू यावं, आणि ते भट्टीवरच्या माणसाला, उस्तादाच्या लाडक्या चेल्याला, सगळ्यांसमोर ऐकू यावं. जमलंच तर टॉवेलवर थुंकावं.

थेरपिस्ट वेळेवर आली. तरुण होती, पायांत मोजे, हातात पिशवी. तिने त्याची मान सरळ केली, गळ्यावर दोन बोटं ठेवली आणि म्हणाली, "कोण भरवतंय?"

"मी," कोळसा म्हणाला.

बायको पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. कोळशाने चमचा भरला. उस्तादाने चमच्याकडे पाहिलं नाही, कोळशाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं.

गळ्याचा मणी वर गेला, खाली आला.

"छान," थेरपिस्ट म्हणाली. "अजून."

दुसरा चमचा गेला. तिसरा. तिने त्याच्या कपाळाकडे पाहिलं. खराब दाणा लागला की तिथे एक उभी आठी पडायची, ती तिला ठाऊक होती. कपाळ सपाट होतं. कप संपत आला तसे त्याने डोळे मिटले आणि डाव्या हाताची दोन बोटं चादरीवरून उचलली. भट्टीवर घाणा पास झाला की तो अशीच बोटं उचलायचा.

"पास," कोळसा ओरडलाच. "वहिनी, पास केला उस्तादांनी. सगळा कप." त्याने कपाच्या तळाशी चमचा खरवडला आणि तोही भरवला.

"आई, बघतेस ना?" मुलगी म्हणाली. "तू तर म्हणत होतीस खातच नाहीत."

"बघतेय," ती म्हणाली.

"कॉफी जरा जास्त भाजली का हो?" मग तिने कोळशाला विचारलं.

"छे हो. आणि भाजली असती तर यांनी घेतली असती का? जीभ आहे ती."

थेरपिस्ट पिशवी आवरत होती. "चवीचं तसं काही नाही," ती सहज म्हणाली. "काकांना वासच येत नाही ना, मग चव कसली. लवंग, व्हिनेगर, सगळं लावून बघितलं होतं आम्ही हॉस्पिटलात. कॉफी काय, रॉकेल दिलं तरी फरक कळायचा नाही त्यांना. गिळताहेत हे महत्त्वाचं."

कोळशाने हातातला चमचा कपात ठेवला. मग काहीतरी काम आठवल्यासारखा उठला, उस्तादांच्या पायांवरून हात फिरवला आणि येतो पुन्हा म्हणाला. पुन्हा कधी, ते बोलला नाही.

थेरपिस्टही गेल्यावर ती मुलीला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"तुला माहीत होतं?"

"काय?"

"वास गेलाय ते."

मुलगी नळाखाली कप धुऊ लागली. "तपासलं तेव्हा मी तिथेच होते. बाबांनी हाताने खूण केली, आईला सांगू नकोस म्हणून. हात जोडले, आई. एकच हात हलत होता, तोच जोडल्यासारखा केला. काय करणार मी?"

"मला का नाही सांगायचं?"

"तू हसली असतीस."

"हसले असते," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय? थांब तू आठ दिवस. तुझ्या हातचं खातील."

"आई, मला रजा नाही. आणि तू काय, तू बायको आहेस त्यांची. भरवता येत नाही का तुला?"

दुपारी मुलीने भोपळ्याचं सूप भरवलं. त्याने वाटी संपवली. चारला मुलगी निघाली, निघताना तिने बाबांच्या केसांतून हात फिरवला आणि आईला म्हणाली, "जरा गोड बोलत जा त्यांच्याशी."

घरात आता दोघंच उरली. तिने झाकून ठेवलेली कोळशाची कॉफी काढली. गार झाली होती. नवऱ्याला निवलेलीच आवडायची. तिने मापाने पावडर घातली, गाठ राहू नये म्हणून दोनदा ढवळली, उशी उंच केली आणि स्टुलावर बसली.

"अहो," ती म्हणाली. "ही तुमची. खरी. मी केलेली नाही, त्यानेच केलीय. सकाळी तुम्ही जी चाटूनपुसून प्यायलात ती माझी होती. कुंड्यांना आणलेल्या खराब दाण्यांची. दोन बोटं दाखवलीत तिला."

तो तिच्याकडे बघत होता. समजलं होतं. त्याची समज शाबूत आहे, हे सगळे डॉक्टर सांगत आले होते.

"म्हणजे कॉफीचं काही नव्हतंच," ती म्हणाली. "आता तरी घ्या."

चमचा ओठांशी गेला. त्याने मान वळवता येईल तेवढी भिंतीकडे वळवली.

"नको."

तिने चमचा मागे घेतला. तो स्वतःच्या तोंडात घातला. कॉफी दाट, बुळबुळीत होती, पण तिच्यात काही खोट नव्हती. इतकी वर्षं दाणे निवडून तिने ही कॉफी कधी चाखली नव्हती. त्याच्यासमोर बसून तिने चमच्याचमच्याने अख्खा कप संपवला. तो भिंतीकडेच बघत राहिला.

सहा वाजता हॉस्पिटलातून सिस्टरचा फोन आला.

"काकू, थेरपिस्टने लिहिलंय की आज छान गिळलं. त्यामुळे डॉक्टर म्हणतायत, गुरुवारची नळी पुढे ढकलायची का बघू. तुमच्या हातून किती घेतात?"

"काहीच नाही."

"काहीच?"

"काहीच नाही. नळी बसवली तर भरवायचं कुणी?"

"घरच्यांनीच. तुम्हीच. सोपं असतं, सिरिंज असते, आम्ही शिकवतो."

"त्यात त्यांना तोंड मिटता येत नाही ना?"

"तोंडाचा संबंधच नाही काकू, थेट पोटात जातं."

"आणि कॉफी चालते का त्यातून?"

सिस्टर हसली. "गाळून घ्या, चालते. तुम्ही तर सगळं ठरवूनच बसलात."

"माझी तयारी आहे, असं सांगा डॉक्टरांना."

सिस्टरने डॉक्टरांना सांगते म्हटलं. गुरुवारचं अजून नक्की झालेलं नाही. उद्या दुपारपर्यंत कळवतील.