घुमटाचा परवाना

सवाकी गावच्या मशिदीवर मोठा घुमट व्हावा ही देवाची इच्छा होती की नाही कोण जाणे. हाजी इतमान यांची मात्र नक्की होती. शेजारच्या दूम गावात मशिदीवर पाच मीटर रुंदीचा घुमट चढला, आणि त्या दिवसापासून हाजी नमाजाला उभे राहिले की मनात देवाऐवजी तो घुमटच यायचा. दूमचा उम्दा, म्हणजे गावचा पाटील, शंदवील हा त्यांचा चुलतभाऊ. परक्याचा घुमट एक वेळ सोसवतो, भाऊबंदाचा सोसवत नाही. तेव्हा वीटभट्टीवाल्या हाजींनी असिउत शहरातल्या कारखान्यात फायबरचा घुमट सांगितला. साडेपाच मीटरचा.

मधे एकदा गावातल्या बायका त्यांच्या दाराशी आल्या होत्या. कालव्याच्या पाण्यानं पोरं आजारी पडतात, आधी पाण्याचं काही बघा, म्हणाल्या. हाजींनी त्यांना शांतपणे समजावलं की पाणी पोटात जातं आणि घुमट आकाशात जातो, तेव्हा मोठं काय ते तुम्हीच ठरवा. बायका ठरवून परत गेल्या. काय ठरवलं, ते त्यांनी हाजींना सांगितलं नाही.

सय्यिदी खलफ यांचा उरूस तोंडावर आला होता. उरुसाला सगळा मुलूख लोटतो, त्याआधी घुमट चढलाच पाहिजे. पण एवढा रुंद माल रस्त्यावर आणायचा तर परवाना लागतो. घुमटाच्या परवान्याला धर्मादाय खात्याचा दाखला, दाखल्याला नकाशा, नकाशाला तपासणी, आणि तपासणीचे साहेब रजेवर. हाजींचा भाचा मुंतसर वाहतूक कचेरीबाहेरच्या टपरीवर चहा पिऊन पिऊन कायदा शिकलेला. त्यानं तोड काढली. पाणीपुरवठ्याच्या मालाला ना दाखला लागतो ना रांग. घुमट उलटा ठेवला की झाली टाकी. परवाना लगेच हातात आला. हाजींनी शिक्का बघितला, त्याला ओठ लावले आणि कागद न वाचताच घडी घालून ड्रायव्हरकडे दिला. देवाच्या कामात थोडं इकडंतिकडं देव खपवून घेतो, असा त्यांचा अनुभव होता. देवाला विचारलं नव्हतं, पण अनुभव होता.

ड्रायव्हर उस्ता बसयूनी हा कागदाला फार भिणारा माणूस. घुमट सुलटा ठेवा, वाटेतल्या गावांनी बघू दे, असं हाजी म्हणत होते. बसयूनी ऐकेना. कागदावर टाकी आहे, तर टाकी बसते तशीच बसवणार, म्हणाला. त्यानं घुमट उलटा ठेवून साखळदंडांनी आवळला, दोन्ही बाजूंना लाल झेंडे लावले, मागे ‘रुंद माल’ची पाटी टांगली आणि ऊन वर आल्यावर ट्रक हलवला, कारण अंधारात रुंद माल न्यायला बंदी. हाजी त्याच्या शेजारी नवी अबाया, म्हणजे सणासुदीचा लांब झगा, पांघरून बसले. गावात फोन करून त्यांनी सांगितलं, ढोलवाल्यांना फाट्यावर उभं करा.

जिल्ह्याच्या नाक्यावर ट्रक थांबवला. तिथला अधिकारी तरुण होता, इस्त्रीचा सदरा, डोळ्यांत हसू. ट्रकभोवती एक फेरी मारून त्यानं परवाना मोठ्यानं वाचला. माल, पाण्याची टाकी. मुक्काम, दूम पाणीपुरवठा केंद्र.

हाजींना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी बसयूनीकडे पाहिलं. तो शेंगदाणे सोलत होता.

“तुला ठाऊक होतं?”

“कागद वाचल्याशिवाय मी चाक हलवत नाही, हाजी. मला वाटलं, भावाशी समेट केलात.”

हाजींनी खाली उतरून भाच्याला फोन लावला. मुंतसरला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. टाकी म्हटलं की मुक्कामाला पाण्याचं केंद्र दाखवावं लागतं, आपल्या गावात कुठं आहे केंद्र, म्हणून दूमचं घातलं. “नाका ओलांडला की कोण बघतंय, मामा? फाट्यावर गाडी आपल्या अंगाला वळवा.”

पण बघणारं होतं. एवढ्या रुंदीच्या मालापुढं पोलिसांची गाडी चालते आणि मुक्कामापर्यंत पोचवते, हे टपरीवरच्या कायद्यात नव्हतं. गाडी तयारच होती, दिवा फिरत होता.

हाजी अधिकाऱ्याजवळ गेले, आवाज मऊ केला. बाशासाहेब, खरं सांगायचं तर हे मशिदीसाठी आहे, पुण्याचं काम आहे, तुम्हालाही त्यात वाटा मिळेल.

अधिकाऱ्यानं लेखणीचं टोपण काढलं. “म्हणजे ही टाकी नाही? तसं असेल तर सांगा, हाजी. मग परवाना खोटा. ट्रक इथं राहील, उस्ताचं लायसन मी ठेवून घेईन आणि अर्ज ज्यानं केला त्याला बोलावून घेऊ. अर्जावर नाव तुमचंच दिसतंय.”

बसयूनीच्या हातातला शेंगदाणा तसाच राहिला. “हाजी, माझ्या घरात त्या लायसनवर सात तोंडं जेवतात,” तो हळू म्हणाला.

अधिकारी उलट्या घुमटाच्या काठावरची नक्षी न्याहाळत होता. “टाकीला वेलबुट्टी छान काढलीय.”

“टाकीच आहे, बाशा,” हाजी म्हणाले.

“जरा मोठ्यानं. लिहून घ्यायचंय.”

“टाकी आहे.”

ते लिहिलं गेलं. खाली त्यांनी सही केली.

फाट्यावर उजवीकडे सवाकीचे ढोल उभे होते, सनया होत्या, लेकरांच्या हातात खजुराच्या फांद्या होत्या. पोलिसांची गाडी डावीकडे वळली, तिच्यामागं घुमट वळला. ढोल वाजता वाजता एकेक करून थांबले. हाजी त्या वेळी ट्रकमध्ये पायाशी वाकून जपमाळ शोधत होते. माळ त्यांच्या खिशातच होती, तरी फाटा मागं पडेपर्यंत ती सापडली नाही.

दूमच्या केंद्राची जुनी टाकी गंजून केव्हाच फुटली होती. तिथल्या इंजिनियरनं नव्या टाकीसाठी इतके अर्ज केले होते की उत्तर येऊ शकतं हे तो विसरून गेला होता. पोलिसांच्या गाडीमागं एवढं मोठं उत्तर आलेलं पाहून तो बिचारा रडायलाच लागला. क्रेन आली. जुन्या टाकीच्या गोल दगडी कड्यात घुमट असा बसला की जणू मापानंच केला होता. वर चांद बसवायला ठेवलेलं भोक आता तळाशी आलं होतं. त्यात नळाची जोडणी बेमालूम बसली.

एव्हाना शंदवील आला होता. त्यानं ती वस्तू एकदा खालून वर पाहिली, मग मान वाकडी करून वरून खाली पाहिली, आणि त्याला सगळं कळलं. त्याला कळलंय, हे हाजींनाही कळलं.

“चुलतभावा,” शंदवील सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “एवढी देखणी टाकी कैरोतही नसेल. आमच्या मशिदीच्या घुमटापेक्षा मोठीच भरेल, नाही का?”

“अर्धा मीटर,” हाजींच्या तोंडून निघून गेलं.

शंदवीलनं त्यांना मिठी मारली. मिठीतच कानाशी म्हणाला, “तुझा घुमट येईल तेव्हा सांग. दूमचे ढोल मी स्वतः घेऊन येतो.”

निघावं म्हटलं तर नियम आडवा. टाकी भरून, गळत नाही हे पाहून मगच पोच मिळते, आणि पोच मिळेपर्यंत माल धाडणाऱ्यानं हलायचं नसतं. हाजी उन्हात एका उपड्या बादलीवर बसून राहिले. अबाया घामानं अंगाला चिकटली होती. आत पाणी चढत असल्याचा आवाज येत होता, मोठ्या पोकळीत येतो तसा, गंभीर आणि घुमणारा. घुमटाखाली कुराणाची तिलावत चालू असताना असाच आवाज घुमेल, असं त्यांनी कारखान्यात उभं राहून मनात ऐकलं होतं. तेव्हा त्यात त्यांचं नाव होतं. आता नुसतं पाणी होतं.

बायका हंडे घेऊन नळापाशी गोळा झाल्या. नळ सुटला. एका म्हातारीनं पहिला पेला भरला आणि स्वतः न पिता हाजींकडे आणला. तिला काही ठाऊक नव्हतं, थट्टा करण्याइतकंही नाही.

“पी लेकरा,” ती म्हणाली. “तहानलेल्याला पाणी देणाऱ्याला देव स्वर्गात तहानलेला ठेवत नाही. तुझ्या आईच्या कुशीचं सोनं झालं.”

पाण्याला नव्या फायबरचा थोडा उग्र वास होता. हाजींनी पेला रिकामा केला, तिनं पुन्हा भरला, तोही रिकामा झाला. सकाळपासून त्यांच्या घशाखाली घोट गेला नव्हता. दुसऱ्या पेल्यानंतर त्यांनी डोळे मिटले आणि त्यांच्या तोंडून अगदी हलक्या आवाजात ‘अल्हमदुलिल्लाह’ निघालं. कित्येक वर्षांत, कुणी ऐकावं म्हणून न म्हटलेलं.

ऐकलं ते फक्त पोलिसानं. तो पोचपावतीची वही घेऊन शेजारी उभा होता.

“इथं आणखी एक सही,” तो म्हणाला. “‘टाकी गळत नाही’ याच्या खाली.”