पडताळणी न झालेलं कार्ड

माझे आजोबा, आबा, गेल्यानंतर विसाव्या दिवशी मी त्यांचं कपाट आवरायला घेतलं. मला अजून रडू आलं नव्हतं. वस्तूंची यादी करण्यात वेळ बरा जात होता. खालच्या कप्प्यात एक पाकीट निघालं, त्यावर आबांच्या अक्षरात ‘दादासोला देणे’ असं लिहिलेलं. आत एक पिवळट पंच कार्ड होतं आणि त्याला टाचणीने एक चिठ्ठी लावलेली होती. मी फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने दादासोतात्या वालचंदनगरहून बारामतीला आले.

१९७८ साली आबा, म्हणजे रावजी, आणि तात्या एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात होते. चिटबॉय शेतावर जाऊन ऊस कधी लावला याची चिठ्ठी लिहायचा. ती बघून तात्या कार्डाला भोकं पाडायचे. मग आबांनी तीच चिठ्ठी दुसऱ्या यंत्रावर पुन्हा टाइप करायची, असा नियम होता. दोन्ही जुळलं की यंत्र कार्डाच्या उजव्या कडेला बारीकशी खाच पाडायचं. कुणाचा ऊस कधी तोडायचा, याची यादी त्या कार्डांवरून निघायची.

“साहेबाच्या घरात एसी न्हवता, पण मशीनला हुता,” चहा पिता पिता तात्या म्हणाले. “चपला भाईर काढून आत जायचं. तुझी आजी रावजीला म्हणायची, आत द्येव बसवलाय का काय?”

“आबा काय म्हणायचे?”

“म्हणायचा, द्येवच हाय, परसाद तेवढा न्हाय.” ते हसले. मग त्यांचं लक्ष टेबलावरच्या पाकिटाकडे गेलं आणि त्यांनी कप खाली ठेवला.

“निरवांगीच्या भीमाचं हाय का?”

“हो. नाव आहे चिटबॉयच्या चिठ्ठीवर.”

भीमा म्हणजे तात्यांच्या बहिणीचे, ठमाबाईंचे यजमान. त्या हंगामात त्यांच्या उसाची पाळी आलीच नाही. उसाला तुरे आले, मग तो वाळून गेला. भीमा थेट कारखान्यात जाऊन मशीनच्या खोलीच्या काचेबाहेर उभे राहिले.

“मी समद्यांदेखत त्याला म्हणालो, मशीन चुकत न्हाय. तूच तारीख खोटी सांगितली असशील. तवापासनं त्याचा उंबरा चढलो न्हाय मी. आता ठमा आजारी हाय. फार दिस न्हाईत म्हणत्यात.” त्यांनी कार्ड माझ्यापुढे सरकवलं. “माझ्या डोळ्याला भोकं दिसत्यात, रांग कळत न्हाय. वाच. चिठ्ठीतच चूक असंल तर मी निदान त्वांड दाखवू शकतो.”

कार्ड कसं वाचायचं ते मी आदल्या दिवशी समजून घेतलं होतं. ऐंशी स्तंभ, ज्या अंकाच्या रांगेत भोक, तो अंक. मी कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं. महिन्याच्या दोन स्तंभांत शून्य आणि सात. चिठ्ठीवर पेन्सिलीने, फिकट पण स्पष्ट, शून्य आणि एक.

“चिठ्ठीत जानेवारी आहे. कार्डावर जुलै. म्हणजे यादीत ऊस सहा महिने मागे गेला.”

तात्यांनी उजव्या हाताची तर्जनी टेबलावर ठेवली, एकदा वर, एकदा खाली. “मशीनवर एक आन् सात याच बोटाचं, एक वर, सात खाली,” ते म्हणाले. “खाच हाय का?”

मी उजवी कड बोटाने तपासली. “नाही. आबांनी हे पडताळलंच नव्हतं.”

“माझा कार्डांचा गठ्ठा कोन पडताळीत न्हवतं, पोरी. समद्या विभागात माहीत हुतं, दादासोचा हात चुकत न्हाय. एकदा रावजीनं पडताळायला घेतला, तर मी चार दिस बोललो न्हाय त्याच्याशी.”

भांडणानंतर आबांनी ते कार्ड गठ्ठ्यातून काढून जपलं असणार, पण दिलं असतं तर तात्या पुन्हा बोलले नसते, म्हणून इतकी वर्षं दिलं नाही, हे मला कळलं. राग येईल असं वाटलं होतं, पण आला नाही.

“तू येशील निरवांगीला?” थोड्या वेळाने तात्यांनी विचारलं. “शिकलेली हायेस, भीमा तुझं ऐकंल. चिठ्ठीतच जुलै हुता, येवढंच म्हण. चिठ्ठी हितंच ऱ्हाऊ दे.”

“येईन तात्या. पण जे आहे तेच वाचेन.”

“आगदी रावजीची नात हायेस.”

“आबांनी तर तेव्हा वाचलंच नव्हतं.”

तात्यांनी खिशातून फोन काढला आणि नंबर लावून द्यायला सांगितला. मी लावून दिला. फोनचा आवाज मोठा होता, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

“भीमराव, मी दादासो बोलतोय.”

पलीकडे कुठेतरी पाण्याची मोटर चालू होती.

“तुमची तारीख खरी हुती. जानेवारीच. चिठ्ठी माझ्यासमोर हाय. सात माझ्या हातनं पडला.”

मोटर बंद झाली. तात्यांनी फोन कानापासून दूर धरून पाहिला, चालू आहे का म्हणून.

“मला ठावं हुतं की,” भीमा म्हणाले. “ऊस मीच लावला हुता.”

“व्हय.”

“ठमा आता झोपलीया. चारला उठती. तवा ये.”

फोन बंद झाला. साडेअकरा वाजले होते. तात्यांनी मला निरवांगीच्या गाडीची वेळ विचारली, आणि मी सांगितल्यावर परत एकदा विचारली.