फुलीपाशी वीस मिनिटे

मी एक जुना रस्त्यांचा नकाशा आहे. मित्रांनो, दुसऱ्यांना वाट दाखवणाऱ्याने स्वतःच गोंधळलेले असणे शोभत नाही, हे मला कळते. पण खरे ते सांगतो. माझा गोंधळ जन्मापासूनचा आहे. कागद पुरला नाही म्हणून छापखान्यात माझ्या पोटावर एक शहर छापले आणि पाठीवर दुसरे. दोन्ही शहरांना जोडणारा रस्ता एकच. तो पोटावरून निघतो, नदीपाशी कडेला येऊन तुटतो आणि पाठीवर पुन्हा सुरू होतो. मधल्या मध्ये तो जातो कुठे, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

शाई वाळली की आम्हाला घड्या घालायला छापखान्यात एक बाई असत. लाकडी पट्टीने त्या एकेक घडी दाबून बसवत. माझी शेवटची घडी दाबताना त्या पुटपुटल्या, "उघडल्यावर पुन्हा तस्साच मिटणारा कुणीतरी भेटो रे बाबा तुला." मला तो आशीर्वाद वाटला. ती थट्टा होती हे मला पुढे कळले.

पेट्रोल पंपावरच्या तारेच्या मांडणीत मी बरेच दिवस उभा होतो. तिथून मला ज्याने घेतले तो दातांच्या दवाखान्यातल्या खुर्च्या दुरुस्त करणारा होता. तोंडाचा आ करून माणूस ज्या खुर्चीत आडवा पडतो ना, ती खुर्ची. ती वर गेली आणि खाली येईना, की डॉक्टर याला फोन करत. सगळे त्याला खुर्चीवाले म्हणत. त्याचे घर माझ्या पोटावरच्या शहरात होते आणि निम्मी गिऱ्हाइके पाठीवरच्या. दर दुसऱ्या बुधवारी तो पहाटे निघे आणि गुरुवारी संध्याकाळी परत येई.

ते माझे वैभवाचे दिवस होते. तो मला गाडीच्या बॉनेटवर पसरे, वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार स्क्रू ड्रायव्हर ठेवी आणि बोटाने रस्ता धरून चाले. एकदा पुलाचे काम निघाले होते, तेव्हा मी त्याला कालव्याकडेच्या वाटेने सुखरूप नेले. "हा आहे म्हणून माझं चाललंय," असे त्याने एका डॉक्टरला सांगितले, तेव्हा माझी छाती फुगून एक घडी उलगडली. आणि हो, मला पहिल्या झटक्यात बरोबर मिटणारा माणूस जन्मात एकच भेटला. तो हाच.

एका गुरुवारी मात्र काहीतरी झाले. परतताना गाडी खडखडली, कशावर तरी आदळली आणि थांबली. मी सीटसमोरच्या कप्प्यात होतो, झाकण बंद. बाहेर कुणीतरी रागावून बोलत होते. मग बराच वेळ काहीच नाही. नंतर त्याने मला बाहेर काढले, पाठीवर, घाटाच्या जरा अलीकडे, पेन्सिलीने एक बारीकशी फुली मारली आणि मला परत आत ठेवले. तिथे गाव नव्हते, पंप नव्हता, मंदिर नव्हते, काही नव्हते. फुली कसली, ते त्याने मला सांगितले नाही.

तेव्हापासून परतीच्या वाटेवर गाडी दर खेपेला तिथे थांबू लागली. इंजिन बंद होई, पण आतून कसली तरी घरघर चालूच राही. बंद गाडी घरघरते कशी? गाडीला हा काय रोग झाला, मला कळेना. थोड्या वेळाने काचेवर टक टक टक असा आवाज येई, घरघर थांबे आणि आम्ही निघत असू.

घरी पोचायला मग उशीर होई. दारातच त्याची बायको म्हणे, "सहाला येतो म्हणून सांगता आणि साडेसहा वाजवता. एवढं काय असतं वाटेत?"

"रस्ता आहे. लागतो वेळ," तो हसून म्हणे. आणि विषय तिथेच संपे.

मग फोन आले. त्याच्याही गाडीत एक फोन समोर चिकटला आणि त्यातली बाई बोलू लागली. तिला घड्या नव्हत्या. ती चुकली तरी तिला कुणी बोलत नसे. मी हत्यारांच्या पेटीत गेलो. पान्ह्यांखाली पडून राहिलो. तेलाचा एक डबा कलंडला आणि माझ्या पोटावरचा अख्खा एक तालुका तेलात बुडाला. मग पेटीही उघडेनाशी झाली. किती दिवस, किती वर्षे, अंधारात मोजणार कशी?

शेवटी एका शनिवारी दुपारी झाकण उघडले. समोर त्याची मुलगी होती. चाळिशी उलटली तरी घरात तिचे नाव बेबीच. तिने मला झटकले आणि जेवणाच्या टेबलावर पसरले. भिंतीवर खुर्चीवाल्यांचा मोठा फोटो होता. घरात असलेल्या माणसाचा एवढा मोठा फोटो कशाला लावतात, असा मी विचार करत होतो. तेवढ्यात बेबीची आई म्हणाली, "ते असते तर विचारायलाच लागलं नसतं." मग मला समजले, आणि टेबलावर पसरलेला असूनही मला मिटून घ्यावेसे वाटले.

झाले होते असे. बेबीची मावशी दुसऱ्या शहरात राहते. ती न्हाणीघरात पडली, मांडीचे हाड मोडले, ऑपरेशन झाले. आईला बहिणीला बघायला जायचे होते, पण राहायचे नव्हते. परक्या उशीवर तिला झोप लागत नाही. म्हणून एका दिवसात जाऊन यायचे ठरले. बेबी गाडी चालवणार होती. हमरस्त्यावर इतकी लांब ती कधी गेली नव्हती, हे तिने आईला सांगितले नव्हते. जावयाला सुट्टी नव्हती; वेळापत्रक मात्र त्यानेच केले.

"सहाला निघायचं," तो कागद वाचू लागला. "आठ दहाला पहिला थांबा. बाथरूम, दहा मिनिटं."

"आणि आठ दहाला मला नाही आली तर?" आईने विचारले.

"आई, अहो, अंदाज आहे तो."

"आणि साडेसातलाच आली तर?"

बेबी हसत सुटली. जावयाने कागदावर काहीतरी खोडले. फोन म्हणत होता साडेचार तास. माझ्या हिशेबाने सात. फोनवर एक जाडजूड पिवळा रस्ता होता, जो माझ्यावर नव्हताच. त्यावर बोगदाही होता. डोंगराच्या पोटातून रस्ता? मी दोनदा स्वतःला तपासून पाहिले. माझ्या तिथे नुसत्या तपकिरी रेघा होत्या.

"फोनवर सगळं बोटाएवढं दिसतं," आई म्हणाली. "जिथून ते इतकी वर्षं गेले-आले, तो रस्ता मला नीट बघू दे." तिने चष्मा लावला, मला उलटवले आणि तिचे बोट रस्त्यावरून सरकत सरकत थांबले.

"हे काय आहे गं?"

सगळे फुलीवर वाकले. जावयाने फोनमध्ये ती जागा मोठी करून पाहिली, आणखी मोठी केली. नुसता राखाडी रंग.

"काहीच नाही इथे," तो म्हणाला.

"काही नाही तिथे कुणी फुली मारत नाही," आई म्हणाली आणि चष्मा काढून ठेवला. मग ती हळूच म्हणाली, "दर खेपेला अर्धा तास उशीर व्हायचा, बेबी. मी विचारायचे. ते हसायचे."

मित्रांनो, तिच्या मनात काय आले ते बेबीला कळले, जावयाला कळले, मलाही थोडे कळले. मला ओरडून सांगावेसे वाटले, पण सांगणार काय? मला तरी कुठे माहीत होते? घरघर आणि टक टक टक, एवढीच माझी साक्ष.

"जाताना इथे थांबू या," बेबी म्हणाली.

जावयाने वेळापत्रकात जागा शोधली. जागा नव्हती. त्याने कागदाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिले : फुली, वीस मिनिटे.

निघाले ते पावणेसातला. मी आईच्या मांडीवर होतो. पहिल्या तासातच माझे डोके फिरले. माझ्या हिशेबाने आमची गाडी भरधाव शेतांतून, एका तळ्यावरून आणि निदान दोन घरांतून चालली होती. खिडकीबाहेर मात्र गुळगुळीत रस्ता होता. मोठे ट्रक दोन्ही बाजूंनी घुसू लागले, तेव्हा बेबीने चाक इतके घट्ट धरले की तिची बोटे पांढरी पडली. फोनमधली बाई म्हणत होती सरळ जा. आई म्हणत होती डावीकडे.

"आई, तू नकाशा उलटा धरलायस!"

"मग सरळ कुठला? हा सगळीकडून सारखाच आहे!"

खरेच होते ते. मलाच माझी सरळ बाजू सांगता आली नसती. शेवटी बेबीने हमरस्ता सोडला, एका पुलाखालून दोनदा गोल फिरली, टपरीवरच्या माणसाला विचारले आणि अचानक चाकांखालून एक ओळखीचा खडबडाट आला. माझा रस्ता! खड्डे पडलेला, पट्टे पुसलेला, पण माझा. फोनमधली बाई "मागे वळा, मागे वळा" म्हणत राहिली. आईने तिला बंद केले.

घाट चढून गेल्यावर, बरोबर फुलीच्या जागी, एक पत्र्याची शेड होती. बाहेर टायरांची उतरंड. आत एक साठीची बाई बसून ट्यूबचे भोक शोधत होती, हात कोपरापर्यंत काळे. आई गाडीतून उतरली आणि मला छातीशी धरून उभी राहिली. त्या बाईला पाहून तिचा चेहरा असा झाला की बेबीने तिचा दंड धरला.

"हवा भरायची का?" टायरवाल्या बाईने विचारले.

"नाही," बेबी म्हणाली. "विचारायचं होतं. एक जण यायचे इथे. दातांच्या दवाखान्यातल्या खुर्च्या..."

"खुर्चीवाले!" बाई एकदम उठली. "कुठे आहेत हो? नवा रस्ता झाला आणि आम्हाला विसरले ना? भेटू देत, चांगलं सुनावते."

"ते इथे काय करायचे?" आईने विचारले. आवाज कोरडा होता.

"काय करणार? झोपायचे."

आईच्या बोटांखाली माझी कड चुरगळली. टायरवाल्या बाईने गाडीकडे बोट दाखवले. "गाडीत हो! सीट मागे टाकून. पहिल्यांदा आले ते माझ्या टायरांवर आदळूनच. चालवता चालवता डुलकी लागली होती. टायर होते म्हणून वाचले. नाहीतर पुढे तो घाट. मी म्हटलं, अशा डोळ्यांनी तुम्हाला खाली उतरू देणार नाही. झोपा वीस मिनिटं. मग दर खेपेला थांबायचे. मी घड्याळ बघून पान्ह्याने काच वाजवायची."

"काही बोलायचे?" आईने विचारले.

"बोलायचे कुठे? घोरायचे! शेडचा पत्रा थरथरायचा."

आई हसली. आधी नाकातून, मग मोठ्याने, मग पदर तोंडाला लावून. "तेच," ती म्हणाली. "तेच आमचे." आणि मला एवढ्या वर्षांनी कळले की गाडीला रोग-बीग काही नव्हता.

"पण घरी सांगायला काय झालं होतं?" बेबी म्हणाली.

"मी पण तेच म्हटलं होतं," टायरवाली बाई म्हणाली. "तर म्हणाले, 'चाकावर झोप लागली हे सांगितलं, तर ती दर गुरुवारी दारात बसून जीव टांगणीला लावेल. त्यापेक्षा उशिराबद्दल बोलणी खाल्लेली बरी.' पण आहेत कुठे ते? बरे आहेत ना?"

या बाईला कुणी कळवलेच नव्हते. कोण कळवणार? ती आहे हेच कुणाला माहीत नव्हते.

"दोन वर्षं झाली," आई म्हणाली. "झोपेतच गेले."

टायरवाल्या बाईच्या हातातली ट्यूब खाली पडली. तिच्या तोंडून निघून गेले, "कुणी उठवलं नाही?"

"उठवलं हो," आई म्हणाली. "खूप उठवलं."

मग टायरवाल्या बाईने आपल्या हातांकडे पाहिले, ते मागे घेतले आणि पुन्हा पुढे केले. आईने ते काळे हात दोन्ही हातांत घेतले. दोघी टायरांच्या ढिगावर शेजारी शेजारी बसल्या. वेळापत्रकातली वीस मिनिटे संपली, मग तास संपला. जावयाचे तीन फोन येऊन गेले. बेबीने एकही उचलला नाही.

मावशीकडे पोचायला दुपारचे अडीच वाजले. मावशी आधी रागावली, मग तिने सगळे ऐकून घेतले आणि ऑपरेशन झालेला पाय विसरून ती उठायला निघाली, तेव्हा तिला दोघींनी धरून झोपवले. घरी परतलो तेव्हा जावई दारात उभा होता. "एवढं काय होतं वाटेत?" त्याने विचारले. आईने त्याला समोर बसवले आणि पहिल्यापासून सगळे सांगितले.

मी आता जेवणाच्या खोलीतल्या फडताळात असतो. बेबीने माझ्या फाटलेल्या घड्यांना मागून पातळ कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत. मला बरोबर मिटणे तिला अजून जमत नाही, जमेल. आई दुपारी मला उघडून बसते. तिला माझ्यावर आणखी तीन खुणा सापडल्या आहेत. कालव्याच्या वळणावर एक वर्तुळ, एका गावाच्या नावाखाली दोन रेघा आणि डोंगरात कुठेतरी एक बाण. मला विचाराल तर मला ठाऊक नाही. ती एकेका जुन्या डॉक्टरला फोन लावते आणि विचारते, "आमचे हे तिकडे कधी थांबायचे का हो?"

मित्रांनो, जुने नकाशे टाकू नका, त्यांच्यावर तेल सांडू नका, हे तर मी सांगणारच. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरातल्या कुणी कुठे खूण केलेली दिसली, तर ती करणारा समोर बसलेला असतानाच त्याला विचारा. तो हसून विषय टाळेल. टाळू दे. त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसा, आणि पुन्हा विचारा.