फळ्यावरचा विषय

त्र्याण्णव साली तिसगावच्या वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर भारतीताई दर बाजारच्या दिवशी चार ओळींचा मजकूर लिहायच्या. वाचकांनी विषय सुचवावेत म्हणून त्यांनी खाली डबा ठेवला आणि तिथंच त्यांचं चुकलं. चिठ्ठ्या सगळ्या शेजाऱ्यांवर! कुणाचं सांडपाणी, कुणाचा मोठ्यानं लावलेला टेप, कुणाची उर्मट सून. स्वतःवर लिहा म्हणणारा एक माईचा लाल निघेल तर शपथ. शेवटी वैतागून त्यांनी खडू उचलला आणि लिहिलं, ‘आजपासून फळा बंद.’

एवढ्यात म्हाताऱ्या बनुबाई आल्या. "भारते, माजा इषय घे."

"आता कुणाची तक्रार, मावशी?"

"माजीच. परवा चारचौघांत सुनंला लई वाईट बोलले. दोन दिस जेवली न्हाई पोर. चुकलं म्हनायला माजं तोंड उघडंना बग. पानी भरून येताना फळा वाचल्याबिगर जात न्हाई ती."

"नाव घालू?"

"घाल की! न्हाईतर शेजारीन म्हनंल, माज्यावरच लिवलंय."

भारतीताईंनी आपली ओळ पदरानं पुसली. "सांगा," त्या म्हणाल्या, "पण एकच चूक सांगा. ओळी चारच आहेत."