सिस्टरचा पेशंट

पेंटरच्या बायकोनं चौतीस वर्षं नर्स म्हणून नोकरी केली. सगळं गाव तिला सिस्टर म्हणायचं. आता तिला यातलं काही आठवत नव्हतं. नवरा ओळखू येत नव्हता, दिवसातून चार शब्द बोलली तरी खूप.

पेंटर तिचं सगळं करायचा. अंघोळ घालायचा, डायपर बदलायचा, वेणी घालायचा. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात हयात गेलेली, त्यामुळे भांग रेघ मारल्यासारखा सरळ यायचा. पण जेवणाची वेळ झाली की घोडं अडायचं. चमचा दिसला की सिस्टर ओठ घट्ट मिटून घ्यायची. गाणी म्हणून झाली, विनवण्या झाल्या, लटकं रागावून झालं. महिन्याभरात तिचं वजन चार किलोनं उतरलं.

एका सकाळी ओली गादी उन्हात ओढताना पेंटरच्या कमरेत उसण भरली. कसाबसा सरकत तो बाहेरच्या खोलीत आला आणि सिस्टरच्याच खाटेवर आडवा झाला.

"आई गं! मेलो!"

खुर्चीत बसून भिंतीकडे बघणाऱ्या सिस्टरनं मान वळवली. मग ती उठली. कुणी हात न देता! छोटी छोटी पावलं टाकत खाटेपाशी आली, त्याच्या कपाळावर हात ठेवला, मनगट धरलं आणि नाडी बघू लागली. स्वतःच्या हातावर घड्याळ नाही याचं तिला काहीच वाटलं नाही.

दोन वर्षांत तिनं आपणहून त्याला स्पर्श केला नव्हता. पेंटर कमर विसरला.

"दुखतंय?"

"फार दुखतंय, सिस्टर."

तिनं चादर त्याच्या हनुवटीपर्यंत ओढली. स्टुलावर तिच्यासाठी ठेवलेलं सूप होतं, ते उचललं.

"तोंड उघडा, आजोबा."

आजोबा! त्याच्याहून जेमतेम दोन वर्षांनी लहान बाई. पण त्यानं निमूट आ केला. निम्मं सूप मानेवरून उशीवर गेलं. तेवढ्यात त्याला सुचलं.

"सिस्टर, आधी तुम्ही चाखून बघा ना. गरम लागतंय."

तिनं चाखलं. मग एक चमचा आजोबांना, एक स्वतःला. वाटी रिकामी झाली.

दुपारी मुलगी आली, तेव्हा आई खुर्चीत डुलक्या घेत होती आणि बाबा मानेपर्यंत चादर ओढून हसत होते. तिनं घाबरून डॉक्टरांना बोलावलं. ते आत शिरताच सिस्टर जागी झाली.

"बूट बाहेर!"

डॉक्टर मुकाट्यानं मागे फिरले आणि मोज्यांवर आत आले. "आठ दिवस झोपून राहा," ते पेंटरला म्हणाले, "आणि मॅडमचं ऐका."

आठ दिवस मुलीनं रजा काढून घर सांभाळलं. नवव्या दिवशी पेंटर ताठ उभा राहिला आणि त्यानं चमचा पुढे केला. सिस्टरचे ओठ पुन्हा मिटले. पेंटरनं मुलीकडे बघितलं, सपाता काढल्या आणि खाटेवर अंग टाकलं.

"आई गं! मेलो!"

"बाबा, काय नाटकी आहात हो!"

"पेशंटशी असं बोलतात का?"

सिस्टर उठलीच होती.

तेव्हापासून तो रोज दोन वेळा आजारी पडू लागला. कधी पोट, कधी गुडघा. एकदा चुकून दोन्ही कान दुखतात म्हणाला, तर तिनं त्याच्या डोक्याला टॉवेल गुंडाळला. रोजच जमायचं असं नाही. काही वेळा ती चमचा हातात धरून नुसतीच बसायची, एकदा तर वाटी भिरकावली. तरी दीड महिन्यात वजन दोन किलोनं वाढलं. मुलीनं शेजाऱ्यापाजाऱ्यांना ही बातमी नातवंड झाल्यासारखी सांगितली.

मग एका संध्याकाळी सूप संपल्यावर सिस्टरनं त्याची नाडी बघितली आणि मान डोलावली.

"बरे झालात. आता घरी जा."

उठावं की खोकावं, पेंटरला कळेना. शेवटी त्याच्या तोंडून खरं तेच निघालं.

"घरी करमत नाही हो, सिस्टर. तिथं माझ्याशी बोलायला कुणी नाही."

तिनं खाटेच्या कडेवर बूड टेकलं आणि चादरीची सुरकुती हातानं सारखी केली.

"मग राहा इथंच," ती म्हणाली. "सरका जरा."

तो सरकला.