चन्नव्वाच्या दारातली शहाबादी फरशी

मित्रांनो, माझ्यावर पाय ठेवूनच तुम्ही आत येता, पण माझी विचारपूस कुणी करत नाही. असू द्या. मी शहाबादी फरशी. वयानं जुनी, रंगानं निळसर काळी आणि स्वभावानं जराशी तुसडी. गाणगापुरात देवळाकडं जाणाऱ्या गल्लीत एक दुमजली इमारत आहे. तिच्या तळमजल्यावर राहणाऱ्या चन्नव्वाच्या दाराबाहेर मी बसवलेली आहे. लोक माझ्यावर चपला झटकतात, छत्र्या निथळतात, आणि मी काय बोलणार?

शहाबादच्या खाणीत माझा जन्म झाला. तिथला दगड थराथरांचा असतो. कामगारांनी थरांच्या फटीत पहारी घातल्या, बेतानं दाब दिला आणि आम्ही बहिणी एकेक करून सुट्या झालो. पुढं ट्रकमधून उतरवताना माझा एक कोपरा उडाला. ठेकेदार म्हणाला, फेकून द्या हिला. तेव्हा तिथं आपलं नवं घर बघायला आलेला तिप्पण्णा पुढं झाला.

"कामून फेकता? माझ्या दारात बसवा. पाय पुसायला चार कोपरे कशाला लागतात?"

त्या घडीपासून तो माणूस मला आवडला. त्याची बायको चन्नव्वा तर रोज सकाळी नारळाच्या शेंडीनं मला घासायची. मी अशी चमकायचे की शेजारपाजारचे लोक थांबून बघायचे. खोटं कशाला सांगू, मला त्याचा फार गर्व होता.

तिप्पण्णानं घर विकत घेतलं, पण खालची जमीन त्याची नव्हती. ती श्रीपतरावांची. तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानं त्यांनी ती घरवाल्यांना दिली होती. अट अशी, की मुदत संपायच्या आत घरवाल्यानं स्वतः मागणी करायची, मग आणखी तीस वर्षं मिळतील. मागणी केली नाही तर त्याचं घर श्रीपतरावांकडं जाईल.

मध्यंतरी तिप्पण्णा वारला. चन्नव्वा ज्वारीच्या कडक भाकऱ्या थापून लॉजवाल्यांना पुरवू लागली. ती बसवेश्वरांना मानणाऱ्या घरातली. कष्टाचं खायचं, त्यातलं दुसऱ्याला खाऊ घालायचं आणि कुणापुढं हात पसरायचा नाही, हे तिच्या अंगातच भिनलेलं. या सगळ्यात मला घासायला तिला वेळ मिळेनासा झाला. माझ्यावर पिठाचे आणि चिखलाचे थर चढले. मी रुसले होते, पण तिच्यावर राग धरवत नव्हता.

आता आमच्या गावची एक रीत सांगते. दत्तमहाराज दुपारी कुणाच्या तरी रूपात भिक्षेला येतात, अशी इथं श्रद्धा आहे. म्हणून दुपारी लहानथोर सगळे झोळी घेऊन निदान पाच घरी माधुकरी मागतात. बंगलेवालाही मागतो आणि रस्त्यावरचाही मागतो. झोळीवाल्याला कुणी नाव-गाव विचारत नाही आणि त्याच्याकडून काही मागत नाही. चन्नव्वा दत्ताची भक्त नाही, पण तिच्या दारातून एकही झोळी रिकामी गेली नाही. याला मी साक्षीदार आहे.

यंदा मुदत संपत आली. वरच्या मजल्यावर राहणारी पंचशीला वकिली करते. तिनं स्वतःच्या घराची मुदत कधीच वाढवून घेतली होती. ती रोज येता-जाता चन्नव्वाला सांगायची आणि चन्नव्वा रोज तेच म्हणायची, "बघू की." शेवटच्या दिवशी दुपारी दारात झोळी आली. मी पाय बघूनच ओळखलं, श्रीपतराव!

चन्नव्वानं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. श्रीपतराव लगेच हलले नाहीत. काही ऐकायचं असल्यासारखे उभे राहिले. ही मात्र तोंड मिटून! शेवटी ते शेजारच्या दाराकडं वळले. मला इतका संताप आला म्हणून सांगू, मला जीभ असती तर मीच बोलले असते.

पंचशीलानं वरून सगळं बघितलं होतं. ती धाडधाड जिना उतरून आली.

"अक्का, काय करायलीस तू? जमिनीचा मालक दारात उभा हुता आणि तू गप?"

"झोळीवाल्याला मागायचं व्हय गं? आणि मी कधी कुणाला मागितलं न्हाई. आता या वयात भीक मागू?"

पंचशीला माझ्यावरच बसली. आवाज खाली आणून म्हणाली, "माझा आजा गावात दारोदार भाकरी मागत फिरायचा, अक्का. त्याला मागायची हौस नव्हती, गावानं ते काम त्याच्या गळ्यात बांधलं हुतं. बौद्ध झाल्यावर त्यानं ती भाकरी सोडली. पण पोरांसाठी शाळा मागितली, वस्तीला नळ मागितला. खाली मान घालून न्हाई मागितलं. जे आपलं हाय ते मागायला लाज कसली? आज तू बोलली न्हाईस तर उद्या हे घर तुझं न्हाई."

चन्नव्वानं उरलेलं पीठ झाकून ठेवलं. मग पदराला हात पुसून ती बाहेर आली आणि दोन्ही पाय माझ्यावर रोवून उभी राहिली. इतक्या वर्षांत तिचं सगळं वजन मला पहिल्यांदा जाणवलं. श्रीपतराव पाच घरं करून परत येत होते.

"अण्णा, माधुकरी झाली का?"

"झाली."

"मग झोळी खाली ठिवा. आता तुम्ही मागणारे न्हाई आणि मी देणारी न्हाई. माझ्या घराच्या जमिनीची मुदत वाढवून पाहिजे. करारात हाय तशी."

श्रीपतरावांनी झोळी माझ्यावर टेकवली. म्हणाले, "पुतण्यांना या तळमजल्यावर लॉज काढायचाय, अक्का. तू आज बोलली नसतीस तर मला त्यांना अडवता आलं नसतं. आण कागद, इथंच सही करतो."

पंचशीलानं कागद तयारच ठेवले होते. सह्या झाल्या. श्रीपतराव गेल्यावर चन्नव्वा उंबऱ्यावर बसून रडली, आणि पंचशीला तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मित्रांनो, मला घासा, जपा असं मी सांगणार नाही. दगडाचं काय, मी आणखी शंभर पावसाळे काढीन. पण तुमच्या गल्लीत रोज दुसऱ्याला वाढणारं कुणीतरी असेल, त्यांच्याकडं लक्ष ठेवा. अशा माणसांना दुसऱ्यासाठी सगळं सुचतं, पण स्वतःसाठी एक शब्द काढताना जीभ अडखळते. तेव्हा त्यांच्या वतीनं तुम्ही बोलू नका. नुसते जाऊन शेजारी बसा आणि त्यांचं त्यांना बोलू द्या.